शोषखड्ड्यातलं फ्लॉक्स

माणसानं इवायाच्या गच्चीवर जाऊ नये. जेवायला बोलावलं तर जेवावं, सुपारी खावी आणि खालच्या खाली निघून यावं. मी वर गेलो, आणि पुढचं सगळं वर्ष माझं मातीत गेलं.

इवाई म्हणजे व्याही. आमचे इवाई गजेंद्र खंडारे, राहणार अकोला. त्यांच्या कुलदीपला आमची भावना दिली. माणूस सज्जन आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जमेल की नाही याची खात्री नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते गच्चीवर गुलाब लावतात, प्रदर्शनात बक्षिसं घेतात, आणि पाहुण्यानं हात धुतले की त्याला टॉवेल द्यायच्या आधी गच्चीवर नेतात. ओल्या हातानं मी त्यांचे सगळे गुलाब पाहिले.

त्या दिवशी आमच्या नातीचं नाव ठेवलं होतं. सुमेधा. खरं म्हणजे हा कार्यक्रम अमरावतीला, आमच्या घरी व्हायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही मी काढलेली नाही. माझ्या बायकोनं, मायानं, पाळणा रंगवून घेतला होता, डिंक निवडून ठेवला होता, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती. ऐन वेळी भावनाचं बीपी वाढलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रवास करायचा नाही. झालं! बाळंतपण अकोल्याला, म्हणून बारसंही अकोल्याला. चूक कोणाचीच नव्हती, त्यामुळे रागवायलाही कोणी सापडत नव्हतं. रंगवलेल्या पाळण्यात आमच्याकडे चादरींच्या घड्या राहतात.

तर अशा मनःस्थितीत मी गच्चीवर उभा असताना इवाई म्हणाले, "अन तुमच्याकडे काय लावलं, तायडेसायब?"

आमच्याकडे कढीपत्ता होता. गेटाजवळ सदाफुली होती, पण ती कोणी लावत नाही, ती आपली आपण उगवते आणि बकरीसुद्धा तिला तोंड लावत नाही. हे काय सांगायचं? आदल्या दिवशी बसमध्ये मोबाईलवर एका फुलाचा फोटो पाहिला होता. पाच पाकळ्यांच्या गुलाबी फुलांचे हे एवढाले झुबके, आणि खाली नाव. मी बोलून गेलो, "आमी बारमाही फ्लॉक्स लावून राहिलो."

इवाई हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं. ते जिन्यातून खाली ओरडले, "आयकलं का? तायडेसायब अमरावतीत बारमाही फ्लॉक्स लावून राहिले!" मग मला समजावू लागले, "थंडीत येते थे येगळं, एका हंगामाचं. बारमाहीले बर्फ लागते, सायब, बर्फ. वराडात थे येतच नाई."

आता मी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली आहे. बारमाही ओलीत, आठमाही ओलीत, यावर मी शेतकऱ्यांशी भांडलो आहे, आमदारांच्या माणसांशी भांडलो आहे. बारमाही हा माझा शब्द आहे. बँकेतल्या माणसानं तो मला शिकवावा?

"येते," मी म्हटलं.

"नाई येत."

"आलं तं?"

तोपर्यंत जिन्यात सगळे गोळा झाले होते. इवाई छाती काढून म्हणाले, "आलं तं पोरीचा पयला वाढदिवस तुमच्या अंगनात. नाई आलं तं माह्या गच्चीवर."

वाढदिवस कुठे करायचा, हा विषय दोन्ही घरांत शिजत होता, पण झाकण कोणी काढलं नव्हतं. ते असं निघालं. मायानं माझ्याकडे पाहिलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, "आता लावाच."

मुळं हिमाचलातल्या एका रोपवाटिकेतून मागवली. पार्सल आलं, कॉलनी जमली, मी सुरीनं पुठ्ठा कापला. आतून वाळलेल्या मेथीच्या जुडीसारखे तीन पुंजके निघाले.

"हे काय फसोलं तुमाले," नत्थुजी म्हणाले. नत्थुजी समोर राहतात, एसटीत ड्रायव्हर होते, आणि कोणाचंही काही बिघडलं की पहिले तिथे पोचतात. "नाव काय मनलं?"

"फ्लॉक्स."

"फोकस?"

"फ्लॉक्स! फ्लॉ!"

"फोक… फोकनाड!" नत्थुजी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मांडी थोपटून हसले. आमच्याकडे फोकनाड म्हणजे थाप. दुसऱ्या दिवशीपासून मी कॉलनीत फोकनाडे सायब झालो. मी लक्ष दिलं नाही. म्हणजे दिलं, पण दाखवलं नाही.

रोपवाटिकेचा माणूस फोनवर म्हणाला होता, लावायच्या आधी मुळांना थंडी दाखवा. अमरावतीत जी काही थंडी पडते ती आमच्या फ्रिजमध्ये पडते. ओल्या कापडात गुंडाळून मुळं खालच्या खणात आल्याशेजारी ठेवली, सगळ्यांना बजावलं. पण माझ्या सासूबाई, चतुराबाई, संक्रांतीनंतर गुडघा दाखवायला दर्यापूरहून आल्या, त्यांना बजावायचं राहिलं. त्यांना मेळघाटातली जडीबुटी फार प्रिय. फ्रिज उघडला, मुळी दिसली, जावयानं आपल्यासाठीच आणली असं वाटून डोळे भरून आले, आणि त्यांनी एक पुंजका दुधात उकळून घेतला.

"जवाईबापू," सकाळी जिना चढून येत त्या मला म्हणाल्या, "तुमची मुयी लय गुनाची हाय. पाय पाहा कसा पिसावानी झाला!"

जावयानं सासूला काय बोलावं? मी म्हटलं, छान झालं. मायाचं मत असं की तिच्या आईचा गुडघा जावयाकडे आल्यावर दरवेळी बरा होतो. पण हे मत कॉलनीत कोण ऐकतो? दुपारपर्यंत शेजारच्या बिस्मिल्लाबी वाटी घेऊन दारात. त्यांच्यामागे आणखी दोघी. "थोडी वो फोकस की जडी मिलेगी क्या, मायाबाई?" उरलेले दोन पुंजके मी माझ्या बनियनमध्ये गुंडाळून भाजीच्या खणातून वर, बर्फाच्या कप्प्याशेजारी हलवले. फ्रिजला कुलूप घातलं. कुलपाची किल्ली माझ्या जानव्याला, असं लिहिणार होतो, पण जानवं आपल्याकडे नाही, म्हणून करदोट्याला.

मग लावायची वेळ आली. बिस्मिल्लाबींचे यजमान जैनुद्दीनभाई उर्दू शाळेत मास्तर होते, सावकाश बोलणारा माणूस. ते म्हणाले, "तायडेसाहेब, काळ्या मातीत पाणी थांबते. मेहमान नाजूक आहे, बैठक नीट द्या." नत्थुजी म्हणाले, "मी सांगतो, खोल खोदा. जितकं खोल तितकं थंड." मला दोघांचंही पटलं. दोन सल्ले एकदम पटणं हा माणसाच्या नाशाचा आरंभ असतो. मी कंबरेइतका खड्डा खोदला आणि शेवटचा घाव नळाच्या लाइनीवर घातला.

पाटबंधाऱ्याच्या माणसानं पाण्याची पाइपलाइन फोडावी! कॉलनीचं पाणी गेलं, माझ्या अंगणात कारंजं उडालं, आणि बाया बादल्या घेऊन माझ्याच गेटात उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते लिहीत नाही. मी पालिकेच्या कार्यालयात धावलो.

"खड्डा कशासाठी खोदला?" तिथल्या बाबूनं विचारलं.

"फुलासाठी."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी नखशिखांत चिखलात होतो. "फुलासाठी कोनी कंबरभर खोदते का? सांगा खरं. बोअर?"

"नाही हो."

"संडासची टाकी?"

"फ्लॉक्स!" मी ओरडलो.

"हे बसत नाई," तो शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे कारण तीनच. बोअर, टाकी, नाईतर शोषखड्डा. शोषखड्डा टाकू का? त्याले दंड नाई, उलट वरून सांगून राहिले का करा मनून."

मी हो म्हटलं. लाइन त्या संध्याकाळी जोडून मिळाली. मी निवांत झालो, आणि तिथेच चुकलो. आठवड्याभरात एक साहेब आणि एक फोटोग्राफर दारात हजर. आमच्या भागात कोणी आपणहून शोषखड्डा केला नव्हता म्हणे. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दगड-रेती कुठी हाय? मोरीचा पाइप कुठी हाय?" आता काय सांगणार? त्यांच्या देखरेखीखाली खड्ड्यात तळाला दगड भरले, वर विटांचे तुकडे, वर रेती. मोरीचा पाइप आणून सोडला. मग मला खड्ड्याशेजारी फावडं घेऊन उभं केलं, फोटो काढला. तो कॉलनीच्या ग्रुपवर आला तेव्हा खाली नत्थुजींनी लिहिलं, "फोकनाडे सायब यांचे अभिनंदन."

मी मात्र मागे हटणार नव्हतो. साहेब गेल्याबरोबर मोरीचा पाइप उपसून कढीपत्त्याकडे वळवला, रेतीवर शेणखत-मातीचा थर दिला आणि दोन्ही पुंजके लावले. दगडांमुळे बैठक खरोखरच अशी झाली होती की पाणी टिकायची बिशाद नाही. एका पुंजक्यानं डोकं वर काढलंच नाही. दुसऱ्याला होळीच्या सुमारास कोंब आला. मी मायाला हाक मारली. तिनं कोंब पाहिला, आणि त्या दिवशी न सांगता पुरणपोळी झाली.

आता मे महिना. अकोला-अमरावतीचा मे महिना ज्यांनी भोगला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना सांगून कळत नाही. नळाचं पाणी चहाला चालेल असं येतं. कोंब वीतभर झाला होता आणि दुपारी मान टाकत होता. मी विचार केला, इवाई म्हणतात बर्फ लागतो. बर्फ नाही, पण कूलर तर आहे? मी कूलर खिडकीतून काढला, अंगणात नेला, त्याचं तोंड झाडाकडे केलं.

"आवो, अन आमी?" माया म्हणाली.

"आपण वराडातले आहोत. आपल्याला सवय आहे."

"मले बी घ्या मंग लावून खड्ड्यात," ती म्हणाली. पण कूलरमध्ये पाणी तीच भरत होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

जैनुद्दीनभाईंनी वाळ्याचा पडदा आणून दिला, तो ओला करून झाडाच्या डोक्यावर टांगला. संध्याकाळी ते झाडाची तब्येत पाहायला येत आणि कूलरसमोर खुर्ची टाकून बसत. मग नत्थुजी आले. मग नत्थुजींचा साडू आला. मेअखेर सगळी कॉलनी फ्लॉक्सच्या आजूबाजूला पाय पसरून बसत होती आणि झाडापर्यंत वारा पोचत नव्हता. मी एकेकाला उठवायचो. लोक म्हणायचे, फोकनाडे सायब माणुसघाणे झाले. पण झाड जगलं! मृगापर्यंत गुडघ्याला लागलं. पानांवर भुरी आली, ताक शिंपडून घालवली. शेंड्याला कळ्यांचा बारीक घोसही धरला. भावनाला फोटो पाठवला. तिच्याकडून तो इवायांनी पाहिला असणार, कारण त्यांचा फोन आला, "पानं तं बरी दिसून राहिले," आणि आवाज जरा कोरडा होता.

मग पावसाची झड लागली. थांबेचना. वरून पाणी, आजूबाजूच्या काळ्या मातीतून पाणी. दगडांनी किती प्यावं? शोषखड्ड्यानं सगळ्या अंगणाचं पाणी इमानदारीनं शोषून घेतलं, कारण त्याला तेच काम दिलं होतं. मी छत्री बांधली, ताडपत्री टाकली, तांब्यानं पाणी उपसलं. एका सकाळी खोड हातात आलं. खाली मूळ कुजून काळं झालं होतं. मी ते कळ्यांसकट धरून बराच वेळ उकिडवा बसलो. वाढदिवस पुढच्या रविवारी होता.

मला रडू आलं, हे मी सांगून टाकतो. साठी उलटलेला माणूस एका झाडासाठी रडला. झाडासाठी नव्हतंच ते.

त्याच दिवशी शेंदूरजनाघाटला आतेभावाकडे जायचं होतं, मुक्कामाला. मी मुकाट्यानं गेलो. तिथे संत्र्याची कलमं पाहवेनात. दुसऱ्या दिवशी मायाचा फोन. "लवकर या. फुललं."

"काय फुललं?"

"तुमचं फोकस! दुसरी मुयी होती ना, थे वर आली."

मी कसा घरी आलो ते मला माहीत नाही. अंधारून आलं होतं, पाऊस भुरभुरत होता, आणि खड्ड्यात खरोखर हिरवागार झुपका, त्यावर गुलाबी फुलं, पाच पाच पाकळ्यांची! जैनुद्दीनभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. नत्थुजींनी आयुष्यात पहिल्यांदा "फ्लॉक्स" हा शब्द नीट उच्चारला. मी चपला न काढता अकोल्याला फोन लावला. "इवाईसायब! या. डोळ्यानं पाहून जा."

"येतो," ते म्हणाले. "उद्याच येतो."

सकाळी पाऊस उघडला. मी चहा घेऊन झाडापाशी गेलो. उजेडात पानं चकचकत होती. मधली शीर पांढरी होती. मी वाकलो, मग मागे वळून गेटाजवळ पाहिलं. तिथे सदाफुलीच्या जागी ताजी उकरलेली माती होती.

माया दोरीवर कपडे टाकत होती. मी काही विचारायच्या आधीच बोलली, "हो, मीच लावली. मंग काय करू?" तिच्या हातात माझा ओला शर्ट होता, तो ती पिळतच राहिली. "पयलं बाळंतपन गेलं माह्या हातचं. नाव ठेवनं गेलं. कोनाले बोलली का मी? एक दिवस मागून राहिली. एक!"

मी चहाचा कप भिंतीवर ठेवला. वर्षभर मला वाटत होतं की ही पैज माझी आहे, अब्रू माझी आहे. बायको आपली कूलरमध्ये पाणी भरते, कारण बायका भरतात. गाढव मी. पण मला हेही दिसत होतं की गप्प राहिलो तर नत्थुजींनी ठेवलेलं नाव खरं होईल. तोंडानं थाप मारणं वेगळं, ती मुळासकट लावून वर पाहुणे बोलावणं वेगळं. मायाचं ऐकावं की मनाचं, हे ठरायच्या आत गेटाशी गाडी वाजली.

भावना उतरली, तिच्या कडेवर सुमेधा. माया ओले हात पदराला पुसत धावली आणि पोरीला घेऊन थेट आत गेली. इवाई "जय भीम" म्हणाले आणि तडक खड्ड्याकडे वळले. कॉलनी भिंतीला लागून उभी. इवायांनी चष्मा बदलला, मांडी घालून बसले. फूल पाहिलं. पान उलटं केलं, सुलटं केलं. गेटाकडे एकदा पाहिलं. आतून मायाचा आवाज येत होता, ती नातीशी काहीतरी बोलत होती आणि मध्येच तिचा आवाज अडकत होता. इवाई थोडा वेळ ते ऐकत बसले. मग उठले, गुडघे झटकले.

"फ्लॉक्स हाय," ते म्हणाले. "बारमाही. हारलो मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानशिलांवर रक्त चढलं. बक्षिसवाला माणूस, याला सदाफुली कळत नाही? याला सगळं कळलं होतं! मला भीक घालत होता!

"सदाफुली आहे," मी म्हटलं.

टाळ्या थांबल्या.

"काय सदाफुली? फ्लॉक्स हाय."

"इवाईसायब, माझं फ्लॉक्स मेलं. परवा कुजलं. ही गेटाजवळची सदाफुली आहे."

"तुमाले काय समजते फुलातलं?" ते चिडले. खरोखर चिडले. "बक्षिसं कोनं घेतली, तुमी का मी? मी सांगून राहिलो ना, फ्लॉक्स!"

"अहो, पान पाहा! मधली शीर पाहा!"

"पायली शीर! फ्लॉक्सचीच शीर हाय!"

नत्थुजी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होते. वर्षभर मी येतं म्हणत होतो आणि इवाई येत नाही म्हणत होते, आता मी आलं नाही म्हणत होतो आणि ते आलं म्हणत होते. जैनुद्दीनभाई हळूच म्हणाले, "या खुदा." इवायांनी माझा दंड धरला आणि मला कढीपत्त्याच्या आड ओढलं.

"चूप बसा ना, सायब," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माह्या घरी पोर जलमली, नाव ठेवलं, रोज सकायी माह्या मांडीवर खेळते. मले समजत नाई काय? आपल्या तोंडानं 'घेऊन जा' मनता येत नाई मले, गच्चीवर ओरडून बसलो. तुमी नीट एक फुल तं उगवा!"

आतून माया ओरडली, "झालं का तुमचं? रविवारची किती मानसं धरू?"

"लिहा दोनशे!" इवाई तिकडे ओरडले. मग मान खाली घालून, कढीपत्त्याचं पान तोडत मला म्हणाले, "मुयी कुठून मागोली होती? माह्याकडे दोनदा मेली. त्या हिमाचलवाल्याचा नंबर द्या."

म्हणजे असं होतं! बर्फ लागतो, बर्फ! मी मोबाईल काढला, नंबर शोधला आणि हात मागे घेतला.

"देतो. पयले मना, सदाफुली हाय."

"मनतो ना," इवाई म्हणाले. "सोमवारी."